ग्लुकोमीटर घेताना

मधुमेही रुग्णाने ग्लुकोमीटर खरीद करताना प्रथम हे ध्यानात घ्यावे की, यंत्र एकदाच घ्यावयाचे असले तरी रक्ततपासणीच्या पट्ट्या मात्र वारंवार घ्याव्या लागतात आणि एका यंत्राची पट्टी सहसा दुसऱ्यास चालत नाही. सबब यंत्र स्वस्त वा फुकट मिळण्याच्या आमिषास न भुलता, दर पट्टीमागे किती रुपये पडतात याचा हिशेब आधी मांडावा. ५० पट्ट्यांची डबी तुलनेने स्वस्त पडते खरी. परंतु पट्टीवरील विकर दमट हवेने निकामी होत असल्याने, वेष्टनावर नमूद केलेल्या मुदतीत जेवढ्या वापरल्या जातील तेवढ्याच घ्याव्यात, आणि डबीतून काढलेल्या सुट्या पट्ट्या मुळीच घेऊ नयेत. प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी केंद्रात यंत्र व पट्ट्यांची चौकशी जरूर करावी, कारण तेथील दर माफक असतात. मात्र काटकसरीपायी अचूकतेस बाध येऊ देऊ नये: आयएसओ १५१९७ या मानकानुसार, साखर दर डेसिलिटरमागे १०० मिलिग्रॅम वा अधिक असता, किमान ९५ टक्के मापने प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत असावी लागतात. तपासणी किती वेळा करावी हे डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे. परंतु खर्चाच्या धास्तीने आवश्यक तपासणी कोणीही टाळू नये, ही कळकळीची विनंती.