जुन्या ट्रॅक्टरवरील डायनामो व आल्टरनेटर

अमेरिकेत १९४७ ते १९५२ या काळात तयार झालेल्या फोर्ड ८एन ट्रॅक्टरची मूळ बॅटरी सहा व्होल्टची असून तिचे धन टोक सांगाड्यास जोडलेले असते. डायनामोत प्रवाह फिरत्या आर्मेचरमध्ये उत्पन्न होतो व कम्युटेटर आणि ब्रश यांच्या द्वारे बाहेर घेतला जातो. इंजिन मंद चालत असता तो अगदीच अपुरा पडतो. आल्टरनेटरमध्ये चुंबकक्षेत्र फिरते, प्रवाह स्थिर वेटोळ्यांत उत्पन्न होतो व डायोड त्यास एकदिश करतात. कम्युटेटर नसल्यामुळे त्याचा वेगही अधिक ठेवता येतो. ‘जनित्र’ ही संज्ञा दोहोंनाही लागू पडते. कारागीर मात्र हा भेद कटाक्षाने पाळतो, आणि येथे प्रमाण त्याचेच मानावे.

बारा व्होल्टचा आल्टरनेटर बसविताना सामान्यतः बॅटरीचे ऋण टोक सांगाड्यास जोडावे लागते. खरा धोका येथेच आहे. बॅटरी पूर्वीप्रमाणेच जोडली, तर डायोडांतून अनिर्बंध प्रवाह वाहून ते क्षणार्धात जळतात. अ‍ॅमीटरच्या तारांची अदलाबदल, बारा व्होल्टचे दिवे, इग्निशन कॉइलसाठी रोधक अथवा नवी कॉइल, हे ओघाने आलेच. स्टार्टर मात्र बहुधा जुनाच ठेवतात. तो काही क्षणच चालत असल्याने वाढलेला विद्युद्दाब सोसतो, आणि ध्रुव बदलले तरी त्याच्या फिरण्याची दिशा पालटत नाही.