सात बुटके आणि दोन उन्हाळे

अमेरिकेतले रॅले शहर विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण ३५ अंशांवर आहे आणि ऑस्ट्रेलियातले ॲडलेड दक्षिणेला जवळजवळ तितक्याच अंशांवर. रॅलेत टोमॅटोचे शेवटचे तोडे चालू असतात, त्या सुमारास ॲडलेडच्या घराघरांत ट्रेमध्ये बी पडते. ॲडलेडचा हंगाम उरकेपर्यंत रॅलेत पुन्हा पेरणीची वेळ आलेली असते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दोन हौशी माणसांनी याचा पुरेपूर उपयोग करून घेतला. क्रेग लहुलियर रॅलेचे, पॅट्रिना नुस्के स्मॉल ॲडलेडच्या. एकीकडचे बी टपालाने दुसरीकडे गेले की वर्षाला टोमॅटोच्या दोन पिढ्या निघतात. वनस्पतीचा नवा वाण घडवताना खरा खर्च वेळेचा असतो आणि तो खर्च या दोघांनी हरितगृह किंवा प्रयोगशाळा नसताना निम्म्यावर आणला. त्यातून उभा राहिला बुटक्या टोमॅटोंचा प्रकल्प. आज त्याच्या खात्यावर शंभराहून अधिक नवे वाण आहेत.

लहुलियर पेशाने रसायनशास्त्रज्ञ. औषधनिर्मितीच्या क्षेत्रात त्यांनी नोकरी केली आणि जुने अमेरिकी टोमॅटो जमवण्याचा छंद त्यासोबत जोपासला. १९९० साली टेनेसी राज्यातून त्यांना एका बिननावाच्या जांभळट टोमॅटोचे बी टपालाने आले. चेरोकी लोकांकडून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले बी, अशी त्याची ओळख सांगितली होती. लहुलियर यांनी त्याचे नाव ठेवले ‘चेरोकी पर्पल’ आणि बी एका छोट्या बियाणे कंपनीकडे पाठवले. आज परसबागेच्या टोमॅटोंत हे नाव जगभर ओळखीचे आहे. पुढे लहुलियर वसंतात अशा वाणांची रोपे विकू लागले, तेव्हा गिऱ्हाइकांकडून एकच मागणी पुन्हा पुन्हा आली: चव हीच हवी, पण झाड कुंडीत मावेल असे द्या.

मागणी साधी वाटते, पण ती पुरवणारा वाण जवळजवळ नव्हता. चेरोकी पर्पलसारखी झाडे सात-आठ फूट उंच जातात आणि हंगाम संपेपर्यंत वाढत राहतात. त्यांना आधार द्यावा लागतो. नारायणगावच्या किंवा पिंपळगावच्या शेतात बांबू, तार आणि सुतळी यांवर शेतकऱ्याचा किती पैसा आणि किती मजुरी जाते, हे त्या भागातून गेलेल्या कोणालाही ठाऊक आहे. बाल्कनीत तसा मांडव उभा राहत नाही. ठरावीक उंचीवर थांबणारी झुडपी झाडेही बाजारात होती. ती एका जनुकीय बदलातून आली. १९१४ साली फ्लोरिडात आढळलेल्या या बदलामुळे झाडाचा शेंडा फुलोऱ्यात संपतो आणि वाढ तिथेच थांबते. यांत्रिक तोडणीच्या शेतीला ही झाडे वरदान ठरली. पण सगळा माल थोड्या दिवसांत पिकतो आणि फळांच्या मानाने पाने कमी राहतात. फळातली साखर पानांत तयार होते, त्यामुळे चवीच्या बाबतीत यातली बहुतेक झाडे मागे पडतात.

तिसरा प्रकार जुनाच होता, पण विस्मरणात गेलेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समधल्या लाये येथील एका गढीच्या बागेत ताठ, जाड बुंध्याचे, आधाराशिवाय उभे राहणारे टोमॅटोचे झाड मिळाले. पुढे अमेरिकेत ‘ड्वार्फ चॅम्पियन’ आणि ‘न्यू बिग ड्वार्फ’ यांसारखे बुटके वाण कंपन्यांच्या यादीत आले. ही झाडे वाढायची थांबत नाहीत, फक्त सावकाश वाढतात. उंच झाड आठ फुटांवर जाते तेवढ्या काळात ही तीन-चार फुटांवर असतात. दोन पेरांमधले अंतर कमी, खोड अंगठ्याएवढे जाड, पाने गडद हिरवी आणि सुरकुतलेली. फळे हंगामभर थोडी थोडी येत राहतात. मात्र असे वाण मोजकेच होते. रंग लाल, गुलाबी किंवा पिवळा, आणि चवीसाठी कोणाचे नाव निघत नसे. शंभर वर्षे त्यांच्याकडे कोणी फारसे वळून पाहिले नाही.

या ठेंगणेपणाचे कारण शास्त्रज्ञांना १९९०च्या दशकात नेमके कळले. झाडाच्या पेशींना लांबायला लावणारी ब्रासिनोस्टेरॉइड नावाची संप्रेरके असतात. ती तयार करण्याच्या साखळीतली एक पायरी ज्या जनुकाकडे असते, ते या झाडांत दुबळे पडलेले असते. एका टोकाला याच जनुकात बिघाड असलेली ‘मायक्रो-टॉम’सारखी इवली झाडे आहेत. मायक्रो-टॉम फ्लोरिडात १९८९ साली शोभेसाठी प्रसिद्ध झाला. तो वीतभर कुंडीत फळतो आणि प्रयोगशाळांचे लाडके झाड झाला आहे. ‘रेड रॉबिन’ नावाचा असाच एक छोटा वाण २०२२ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या लागवडीसाठी गेला. पण या इवल्या झाडांची फळे बोराएवढी. लहुलियर आणि स्मॉल यांना हवा होता तळहात भरेल असा, कापून पोळीबरोबर खावासा वाटणारा टोमॅटो.

संकर करायला लागते ती दोन बोटांची स्थिरता. टोमॅटोचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. पुंकेसरांची नळी स्त्रीकेसराला वेढून असते आणि वाऱ्याने किंवा भुंग्याच्या कंपाने पराग आतल्या आत झडतो. म्हणून फूल उमलण्याच्या आदल्या दिवशी, पाकळ्या अजून फिक्या असतानाच, ती नळी चिमट्याने काढून टाकावी लागते. उघड्या राहिलेल्या स्त्रीकेसरावर दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा आणि देठाला दोरा बांधायचा. फूल इतके लहान आणि नाजूक असते की यातली बरीच फुले गळतात. जे फळ धरते त्यातले बी म्हणजे संकराची पहिली पिढी. सुरुवातीचे संकर स्मॉल यांनी ॲडलेडमध्ये केले.

या संकरांना नावे दिली ती हिमगौरीच्या सात बुटक्यांची: डॉक, हॅपी, ग्रम्पी, स्नीझी वगैरे. प्रत्येक संकर म्हणजे एक घराणे. पुढे संकर वाढले आणि बुटके संपले, तेव्हा त्याच धाटणीची विशेषणे वापरात आली.

स्नीझी घराण्याचे उदाहरण पाहिले तर सगळे काम डोळ्यांसमोर येते. आई-बापांपैकी एक ‘गोल्डन ड्वार्फ चॅम्पियन’, बुटका आणि पिवळा. दुसरा ‘ग्रीन जायंट’, उंच आणि पिकल्यावरही हिरवा राहणारा, चवीला अप्रतिम. पहिल्या पिढीत सगळी झाडे उंच निघतात, कारण ठेंगणेपणा अप्रभावी असतो. हौशी माणूस इथेच निराश होऊन सोडून देण्याची शक्यता असते. खरी गंमत दुसऱ्या पिढीत आहे. चारातले एक झाड बुटके, चारातल्या एकाचा गर हिरवा, म्हणजे बुटके आणि हिरवे अशी दोन्ही लक्षणे सोळात एका झाडाला. लाल मात्र एकही नाही, कारण लाल रंगाचे जनुक दोघांकडेही नाही. याच घराण्यातून ‘समरटाइम ग्रीन’ आणि ‘समरटाइम गोल्ड’ हे दोन वाण निघाले.

सोळात एक म्हणजे जागेचा प्रश्न. एवढी झाडे कोणाच्या परसात मावणार? इथे निसर्गानेच सोय करून ठेवली आहे. बुटके रोप दोन-तीन आठवड्यांचे असतानाच ओळखू येते. ते आखूड असते आणि पाने सुरकुतलेली. त्यामुळे एका छोट्या ट्रेमध्ये शंभर बिया दाट पेरायच्या, उंच रोपे उपटून टाकायची आणि उरलेली पंचवीस लावायची. रंग आणि चव मात्र फळ पिकेपर्यंत कळत नाहीत. तिथे माणसे लागतात, आणि पुष्कळ लागतात. लहुलियर यांच्या घरासमोरचा गाडीरस्ता कुंड्यांनी भरला होता. एकेका झाडाला साधारण वीस लिटरची कुंडी पुरेशी होते. पण तेवढ्याने भागणार नव्हते. म्हणून दुसऱ्या पिढीचे बी अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि इतर देशांतल्या स्वयंसेवकांना वाटले गेले. त्यांची संख्या शेकड्यांत गेली. त्यात वनस्पतिशास्त्राचे पदवीधर थोडे, बाकीचे परसात चार कुंड्या लावणारे लोक. कोणाला मानधन नाही. प्रत्येकाने झाडाची उंची, पानाचा आकार, फळाचा रंग, वजन आणि चव लिहून कळवायची, आवडलेल्या झाडाचे बी वेगळे ठेवायचे आणि त्यातले परत पाठवायचे.

पुढच्या प्रत्येक पिढीत झाडातला जनुकीय मिसळपणा निम्म्याने कमी होतो. सात-आठ पिढ्यांनंतर पेरलेले प्रत्येक बी आई-बापासारखेच निघते, आणि तेव्हाच त्याला वाण म्हणता येते. एका हंगामाला एक पिढी या हिशेबाने यात सात-आठ वर्षे गेली असती. दोन गोलार्धांमुळे हा काळ तीन-चार वर्षांवर आला. लहुलियर आणि स्मॉल यांची खरी कामगिरी संकरापेक्षा नोंदींची आहे, असे ठामपणे म्हणावेसे वाटते. संकर एका दुपारी होतो. पण कोणाच्या कुंडीतले कोणत्या घराण्याचे, कितव्या पिढीचे, कोणत्या झाडाचे बी कुठे गेले, याचा हिशेब वर्षानुवर्षे ठेवणे हे चिकाटीचे काम. तो एकदा चुकला की चार वर्षांचे श्रम वाया जातात.

पहिले वाण २०१०च्या सुमारास ओरेगन राज्यातल्या ‘व्हिक्टरी सीड’ या छोट्या कंपनीतर्फे विक्रीला आले. ‘रोझेला पर्पल’ आणि ‘टास्मेनियन चॉकलेट’ ही त्या सुरुवातीच्या काळातली गाजलेली नावे. या दोघांचे रंग पाहून ते अगदी वेगळे असावेत असे वाटते, पण जांभळ्या आणि चॉकलेटी टोमॅटोत फरक फक्त सालीचा असतो. आतला गर दोघांचाही लाल, त्यात पिकतानाही न गेलेला हिरवा रंग मिसळलेला. वरची साल बिनरंगी असेल तर फळ जांभळे दिसते, पिवळी असेल तर तपकिरी. अशा साध्या जोडण्यांतून काय काय निघाले! ‘उलुरू ओकर’ हा नारिंगीवर काळसर झाक असलेला टोमॅटो तोवरच्या बुटक्या वाणांत कधी दिसला नव्हता. नाव ठेवायचा मान वाण शोधून स्थिर करणाऱ्यांचा, त्यामुळे नावांतून त्यांचे मुलूख दिसतात. ‘कूकाबरा कॅकल’ आणि ‘ॲडलेड फेस्टिव्हल’ ऑस्ट्रेलियाचे, ‘इडिटारॉड रेड’ आणि ‘युकॉन क्वेस्ट’ अलास्कातल्या कुत्र्यांच्या घसरगाड्यांच्या शर्यतींवरून.

एवढी मेहनत घेऊनही या मंडळींनी वाणांवर कोणताही हक्क राखून ठेवला नाही. अमेरिकेत २०१४ साली ‘ओपन सोर्स सीड इनिशिएटिव्ह’ नावाची चळवळ विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या परिसरात सुरू झाली. बुटक्या टोमॅटोंचे बहुतेक वाण तिच्या प्रतिज्ञेखाली आले. प्रतिज्ञेचा आशय असा: हे बी कोणीही पेरावे, विकावे, त्यावर नवा संकर करावा, मात्र त्यातून जे निघेल त्यावर दुसऱ्या कोणाला बंदी घालू नये. बियाण्यांवरचे पेटंट वाढत असताना शेकडो हौशी लोकांनी आपले काम असे मोकळे सोडणे ही फार मोठी गोष्ट आहे.

मराठी वाचकाला इथे दादाजी खोब्रागडे आठवल्याशिवाय राहणार नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या या अल्पभूधारक शेतकऱ्याने १९८३ साली आपल्या ‘पटेल ३’ भाताच्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या. त्यांचे बी वर्षानुवर्षे निवडत नेले आणि त्यातून एचएमटी हा भात घडला. नाव पडले ते तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून. भात लाखो ताटांत पोचला, पण दादाजींच्या पदरी त्या प्रमाणात काही पडले नाही. कोणाच्या हातून वाण घडला याची जाहीर नोंद आणि वापराचे मोकळेपण या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. टोमॅटोच्या प्रकल्पाने ते करून दाखवले आहे.

या वाणांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. निवड झाली ती चव, रंग आणि आकार यांवर. रोगप्रतिकार हे लक्ष्य नव्हते. दमट हवेत पानावरचे करपे त्यांना जुन्या वाणांइतकेच छळतात. शेतावर टनांनी माल काढण्यासाठी ही झाडे नाहीत. ती कुंडीची आहेत, आणि कुंडीत दुसरा कोणताही मोठ्या फळाचा टोमॅटो त्यांच्या चवीच्या जवळ जात नाही.

परदेशातून बी मागवण्याच्या मोहात मात्र पडू नये. आपल्याकडे २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला नसताना टपालाने बी आणणे नियमबाह्य आहे, आणि तो नियम आपल्याच शेतीच्या भल्यासाठी आहे. पण सुरुवात करायला परदेशी बी लागतही नाही. बाजारातल्या एखाद्या चवदार संकरित टोमॅटोचे बी काढा. गरासकट दोन-तीन दिवस पाण्यात आंबवून धुवा, सावलीत वाळवा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरा. ही दुसरी पिढी असल्याने झाडे एकमेकांसारखी निघणार नाहीत. त्यातले सर्वांत आवडलेले झाड निवडा, कागदावर त्याची नोंद करा आणि त्याच झाडाचे बी पुढच्या हंगामासाठी राखा. शेजारच्या दोन गच्च्यांवर याच बियांतल्या थोड्या बिया दिल्यात, तर पहिल्याच वर्षी तिप्पट झाडांतून निवड करता येईल.