पेसमेकर बसवल्यानंतर काम आणि प्रवास

पेसमेकर बहुधा डाव्या खांद्याखाली, त्वचेच्या आत बसवतात. त्याची तार हृदयाच्या भिंतीत पक्की रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेणे आणि जड वजन उचलणे टाळावे लागते. मात्र भीतीपोटी हात अजिबात न हलवल्यास खांदा आखडतो. बैठे काम बहुतेकांना एक-दोन आठवड्यांत सुरू करता येते.

भोपाळमध्ये राहणाऱ्यांसाठी मात्र खरा प्रश्न कारखान्यांतल्या कामाचा. १९५६ साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सच्या, म्हणजे आजच्या भेलच्या कारखान्यात विजेच्या मोठ्या मोटर आणि ट्रान्सफॉर्मर बनतात. तीव्र चुंबकीय क्षेत्रामुळे पेसमेकर हृदयाच्या ठोक्यांची नोंद चुकवू शकतो. म्हणून वेल्डिंग किंवा अशा मोठ्या चालू यंत्राजवळचे काम असेल, तर यंत्राचा तपशील डॉक्टरांना दाखवूनच परवानगी घ्यावी. लेथ किंवा हातातल्या ड्रिलची मोटर छातीजवळ येऊ नये, एवढे पथ्य बहुधा पुरते. मोबाइल १५ सेंटिमीटर, तर इंडक्शन शेगडी ६० सेंटिमीटर दूर असावी.

नागपूर-पुण्याकडे रेल्वेने जाताना वरच्या विजेच्या तारांची धास्ती अनाठायी आहे. पहिले काही आठवडे वरच्या बर्थवर हाताने ओढून चढणे अधिक धोक्याचे. खालचा बर्थ घ्यावा. राजा भोज विमानतळावर पेसमेकरचे कार्ड दाखवावे, तपासणीच्या चौकटीतून न रेंगाळता जावे आणि हातातले यंत्र छातीवर धरू नये असे सांगावे.