डावीकडे नेम धरला तरी चेंडू उजवीकडे का जातो?

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी बाबांकडे चंडीमंदिरला होतो. चंडीगडचा मे सगळ्यांना ठाऊक आहे. नऊ वाजले की ऊन अंगावर येते. म्हणून सकाळी साडेपाचलाच मी गोल्फच्या प्रॅक्टिस रेंजवर हजर असायचो. पन्नास चेंडू मारायचे आणि पन्नासच्या पन्नास उजवीकडे वळून जाताना बघायचे, हा माझा रोजचा कार्यक्रम. गोल्फमध्ये या रोगाला ‘स्लाइस’ म्हणतात. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू जोरात उजवीकडे वळत जातो, त्याला स्लाइस म्हणायचे.

त्यावर मी माझ्या डोक्याने एक उपाय काढला. चेंडू उजवीकडे जातो ना, मग नेम डावीकडे धरायचा! पहिल्या दिवशी थोडा डावीकडे धरला. दुसऱ्या दिवशी आणखी थोडा. आठवडा संपला तेव्हा माझे पाय रेंजच्या डाव्या कडेच्या झाडाकडे होते आणि चेंडू तरीही उजव्या जाळीत. उलट आता तो पहिल्यापेक्षा जास्तच वळत होता.

रेंजवर एक निवृत्त सुभेदार साहेब यायचे, मूळचे सांगलीकडचे. त्यांनी दोन दिवस नुसते पाहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “पोरा, तू चूक दुरुस्त करत नाहीस, तिला जागा करून देतोयस.” मग म्हणाले, “उद्यापासून सरळ मारायचं सोड. चेंडू मुद्दाम डावीकडे वळव, मग मुद्दाम उजवीकडे वळव. दोन्ही जमलं की मला सांग.”

मला हसू आले. सरळ मारता येत नाही त्याला हे वळवायला सांगतात! पण महिनाभराने कळले की साहेबांचे बरोबर होते. त्या महिन्यात मी जे शिकलो ते इथे सांगतो. ज्यांनी गोल्फ क्लब कधी हातात धरला नाही त्यांनाही ते समजेल.

दोनच प्रश्न

क्लब आणि चेंडू यांची भेट सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकीच असते. चेंडूला तेवढाच क्षण कळतो. तुमचा पवित्रा कसा होता, मनात काय होते, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. त्या क्षणी दोन गोष्टी ठरतात.

पहिली गोष्ट म्हणजे क्लबचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारा सपाट भाग, कुठे पाहत होता. चेंडू निघतो तो मुख्यतः फेसच्या दिशेने. आयर्नच्या फटक्यात सुरुवातीच्या दिशेचा सुमारे ७५ टक्के वाटा फेसचा असतो आणि ड्रायव्हरच्या फटक्यात सुमारे ८५ टक्के.

दुसरी गोष्ट म्हणजे क्लब कोणत्या मार्गाने येत होता, म्हणजे स्विंगचा मार्ग. फेस आणि मार्ग एकाच दिशेला असतील तर चेंडू वळत नाही. फेस मार्गाच्या उजवीकडे पाहत असेल तर चेंडू उजवीकडे वळतो, आणि डावीकडे पाहत असेल तर डावीकडे. दोघांतला फरक जेवढा मोठा, तेवढे वळण मोठे.

पूर्वी हे उलटे शिकवत असत. चेंडू मार्गाच्या दिशेने निघतो आणि फेसच्या दिशेला जाऊन पोचतो, असे जुन्या पुस्तकांत छापलेले सापडते. रडार आणि वेगवान कॅमेरे आल्यावर ही समजूत मागे पडली.

आता माझ्या ‘उपायाकडे’ बघा. मी पाय आणि खांदे डावीकडे फिरवले, त्यामुळे स्विंगचा मार्गही डावीकडे गेला. फेस मात्र होता तसाच उजवीकडे उघडा. म्हणजे दोघांतला फरक मी स्वतःच वाढवत होतो. जेवढा नेम डावीकडे, तेवढे वळण उजवीकडे.

वाकडी बंदूक

हे कोडे गोल्फच्याही आधी तोफखान्याला पडले होते. गोल गोळी नेम सोडून कधी डावीकडे, कधी उजवीकडे का भरकटते? बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १७४२ मध्ये तोफविद्येवर प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्याच दशकात त्याने एक गमतीदार प्रयोग केला. एका बंदुकीच्या नळीचे टोक त्याने मुद्दाम डावीकडे वाकवले आणि गोळीच्या वाटेत पातळ कागदाचे पडदे उभे केले. गोळी आधी डावीकडे निघाली, कारण नळी तिकडे पाहत होती. पण पुढच्या पडद्यांवरची भोके बघितली तर ती वळून उजवीकडे गेलेली!

कारण असे की वाकलेल्या नळीत गोळी उजव्या भिंतीला घासत पुढे सरकली आणि त्या घासण्याने तिला गिरकी मिळाली. फिरणाऱ्या गोळीला हवेने उजवीकडे ढकलले. डावीकडे निघून उजवीकडे वळणे, म्हणजे माझाच फटका! पुढे हाच रॉबिन्स ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांचे काम पाहायला हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड इथे वारला. १८५२ मध्ये जर्मनीच्या हाइनरिश माग्नुस यांनी या परिणामाचा पद्धतशीर अभ्यास केला. म्हणून आज त्याला माग्नुस परिणाम म्हणतात.

फुटबॉलवाल्यांनी रॉबेर्तो कार्लोसची १९९७ मधली फ्रान्सविरुद्धची फ्री किक पाहिली असेल. तिच्यामागे हेच कारण आहे. क्रिकेटमध्ये फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेत सरकतो तोही याच कारणाने. वेगवान गोलंदाजाचा स्विंग मात्र वेगळा, तो मुख्यतः शिवणीमुळे होतो.

चेंडू म्हणजे विमान

गोल्फचा चेंडू हवेत जातो तेव्हा तो मागच्या बाजूला गरगर फिरत असतो. व्यावसायिक खेळाडूच्या सेव्हन आयर्नचा चेंडू मिनिटाला सुमारे ७००० फेरे घेतो. या उलट्या फिरकीमुळेच तो हवेत इतका वेळ तरंगतो. एडिनबरोचे प्राध्यापक पी. जी. टेट यांनी १८९० च्या दशकात हे गणिताने दाखवले. त्यांचा मुलगा फ्रेडी टेट ‘ब्लॅक वॉच’ पलटणीत लेफ्टनंट होता आणि १८९६ व १८९८ असा दोनदा ब्रिटनचा हौशी विजेता होता. १९०० मध्ये बोअर युद्धात तो धारातीर्थी पडला.

चेंडूला उलटी फिरकी आणि आडवी फिरकी अशा दोन वेगळ्या फिरक्या असतात, असे मला वाटायचे. तसे नसते. फिरकी एकच असते, फक्त तिचा आस कलतो. विमानाचे पंख डोळ्यांसमोर आणा. पंख सपाट असले की विमान सरळ जाते, डावा पंख खाली गेला की डावीकडे वळते. चेंडूचेही तसेच. फेस आणि मार्ग यांतला फरक आसाला कलवतो. वेजसारख्या तिरप्या फेसच्या क्लबने उलटी फिरकी खूप मिळते, म्हणून आस कमी कलतो आणि चेंडू कमी वळतो. ड्रायव्हरने वळण सर्वांत जास्त दिसते.

ड्रॉ आणि फेड

डावीकडे हळूच वळणाऱ्या फटक्याला ‘ड्रॉ’ म्हणतात, उजवीकडे हळूच वळणाऱ्याला ‘फेड’. हेच वळण हाताबाहेर गेले की ड्रॉचा हुक होतो आणि फेडचा स्लाइस. डावखुऱ्यांनी सगळे उलटे वाचावे.

ड्रॉसाठी पाय, कंबर आणि खांदे लक्ष्याच्या थोडे उजवीकडे लावायचे आणि स्विंग त्याच रेषेत करायची. फेस मात्र खांद्यांची रेषा आणि लक्ष्य यांच्या मध्ये पाहिला पाहिजे. आकड्यांत सांगायचे तर मार्ग ४ अंश उजवीकडे आणि फेस २ अंश उजवीकडे. चेंडू उजवीकडे निघतो आणि वळून लक्ष्यावर येतो. फेडसाठी हेच सगळे डावीकडे. बहुतेक वेळा ड्रॉ जरा खालून जातो आणि पडल्यावर जास्त पळतो. फेड उंच जातो आणि लवकर थांबतो.

बहुतेकांची चूक इथे होते. ड्रॉ मारायचा म्हणून ते फेस लक्ष्याच्याही डावीकडे वळवतात. मग चेंडू निघतोच डावीकडे आणि आणखी डावीकडे जातो. म्हणून नियम लक्षात ठेवा: वळून लक्ष्यावर यायचे असेल तर आधी लक्ष्यापासून दूर निघावे लागते.

सरावाला साहेबांनी क्रिकेटचा एक स्टंप आणला. चेंडूपासून पाच पावलांवर, लक्ष्याच्या रेषेत तो रोवला. ड्रॉ असेल तर चेंडू स्टंपच्या उजवीकडून निघून परत रेषेवर यायला हवा, फेड असेल तर डावीकडून. चेंडूवर व्हाइटबोर्ड मार्करने ठिपका काढून ती बाजू क्लबकडे ठेवायची, म्हणजे चेंडू फेसवर कुठे लागला तेही कळते. हे महत्त्वाचे आहे, कारण ड्रायव्हरच्या टोकाकडे लागलेला चेंडू फेस बरोबर असूनही डावीकडे वळतो आणि दांड्याकडे लागलेला उजवीकडे.

प्रत्येक फटक्यानंतर वहीत तीन नोंदी करायच्या: कुठून निघाला, कुठे वळला, फेसवर कुठे लागला. “अरेरे”, “वारा होता”, “हात घामेजले होते” असे काही लिहायला परवानगी नव्हती.

पहिल्या दिवशी वीसपैकी तीन ड्रॉ जमले. तीन आठवड्यांनी वीसपैकी बारा. फेड सोपा जाईल असे वाटले होते, कारण स्लाइस तर माझा जुना सोबती! पण ठरवून थोडेच वळवणे आणि आपोआप खूप वळणे यांत किती अंतर आहे, ते तेव्हा समजले.

दिवाळीतली चूक

दिवाळीच्या सुट्टीत मी एका ज्युनियर स्पर्धेत खेळलो. शेवटच्या होलवर मी एका फटक्याने पुढे होतो. फेअरवे डावीकडे वळत होता. आयर्नने सरळ मारून मधोमध राहता आले असते. पण पाहायला बाबा आले होते आणि मला नवी विद्या दाखवायची होती. मी ड्रायव्हर काढला आणि ड्रॉ मारायला गेलो. चेंडू डावीकडेच निघाला, डावीकडेच वळला आणि हद्दीबाहेर गेला. गोल्फमध्ये याची शिक्षा म्हणजे एका फटक्याचा दंड आणि पुन्हा त्याच जागेवरून खेळायचे. मी दोन फटक्यांनी हरलो.

गाडीत बाबा काही बोलले नाहीत. घरी गेल्यावर मी वही काढली आणि लिहिले: डावीकडून निघाला, डावीकडे वळला, मधोमध लागला. म्हणजे मार्ग नाही, फेस चुकला होता. घाईत मनगट लवकर फिरले होते. हरल्याचे वाईट वाटलेच, पण पहिल्यांदाच मला का हरलो ते नेमके सांगता येत होते.

मग दोन्ही कशाला शिकायचे?

जॅक निकलॉस आणि बेन होगन हे सर्वकाळचे मोठे खेळाडू त्यांच्या फेडसाठी ओळखले जातात. एकच वळण पक्के असले तर दुसरे कशाला? याचे उत्तर आपल्या फायरिंग रेंजवर आहे. रायफल शिकताना आधी ग्रुपिंग, मग झिरोइंग. गोळ्या एका जागी पडू लागल्या की मगच साइट हलवायची. विखुरलेल्या गोळ्यांवर साइट हलवून काही उपयोग नसतो. मे महिन्यात मी ग्रुपिंग नसताना झिरोइंग करत होतो.

स्पर्धेत आपले एक वळण भरवशाचे ठेवावे. पण ते बिघडले तर दुरुस्त तोच करू शकतो, ज्याला दोन्हीकडे वळवता येते. शिवाय कधी कधी दुसरा रस्ताच नसतो. २०१२ च्या मास्टर्सच्या प्लेऑफमध्ये डावखुरा बबा वॉटसन झाडांत अडकला होता. त्याने वेजने चेंडू सुमारे ३५ मीटर उजवीकडे वळवून ग्रीनवर ठेवला आणि स्पर्धा जिंकली.

आपल्या चंडीगडचे उदाहरण तर घरचेच आहे. सुखना तलावाजवळच्या सेक्टर ६ मधल्या चंडीगड गोल्फ क्लबवर मिल्खा सिंग यांचे चिरंजीव जीव मिल्खा सिंग खेळत मोठे झाले. त्यांची स्विंग पुस्तकातल्या चित्रासारखी नाही, असे नेहमी म्हटले जाते. तरी युरोपियन टूरवर पोचलेले ते पहिले भारतीय, आणि २००६ मध्ये स्पेनच्या वाल्देरामा या झाडांनी वेढलेल्या अवघड मैदानावर त्यांनी व्होल्वो मास्टर्स जिंकली. चेंडूला स्विंगचे रूप दिसत नाही. भेटीच्या त्या क्षणी फेस आणि मार्ग कसे होते, एवढेच त्याला कळते.

साहेबांची वही अजून माझ्याकडे आहे. हल्ली तीत गोल्फशिवाय गणिताच्या चाचण्याही असतात: कुठे सुरुवात केली, कुठे वळलो, कुठे चुकलो. “पेपर अवघड होता” असे लिहायला तिथेही परवानगी नाही.