अस्सल कागद कोणाच्या हाती?

इंग्लंडात दोन्ही पक्षांच्या सॉलिसिटरांनी सही झालेल्या कराराच्या प्रती परस्परांना दिल्या, की घराचा सौदा बांधला जातो. बंगळुरात तशी रीत नाही. तेथे आधी साठेखत होते. पण 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार केवळ साठेखताने घरावर हक्क उत्पन्न होत नाही. तो येतो दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या खरेदीखताने.

मधल्या काळात खरेदीदाराचा वकील पूर्वीची खरेदीखते, पालिकेचा ‘खाता’ आणि बोजाचा दाखला मागवितो. खात्याचा या शहरात मोठा बडिवार. वस्तुतः ती करासाठी ठेवलेली नोंद, मालकीचा पुरावा नव्हे. बोजाचा दाखलाही नोंदलेल्या व्यवहारांपुरताच बोलतो. अस्सल खते धनकोकडे ठेवून कर्ज काढता येते, आणि अशा गहाणाला नोंदणी लागतेच असे नाही. मग दाखला निर्मळ, घर मात्र गुंतलेले! म्हणून जाणता वकील नकलांवर भागवीत नाही; अस्सल कागद डोळ्यांखाली घालतो. वेगळा करार नसेल तर मागताच ते दाखविणे आणि पूर्ण किंमत मिळताच स्वाधीन करणे, ही त्या कायद्याच्या 55 व्या कलमाने विक्रेत्यावर घातलेली जबाबदारी आहे. कागद बँकेत असतील, तर खरेदीदार किमतीतला तेवढा भाग परस्पर बँकेत भरून ते सोडवितो.