सडा खरोखरच पडीक असतो का?

एप्रिल-मे महिन्यांत कोकणातल्या एखाद्या सड्यावर गेलो, तर तापलेला काळपट कातळ आणि करपलेले गवत यांखेरीज फारसे काही दिसत नाही. सात-बाराच्या उताऱ्यावर अशा जमिनीची नोंद बहुधा 'पोटखराबा' अशी असते. साहजिकच खाण, कारखाना किंवा आंब्याची बाग यांसाठी जागा शोधताना नजर सड्याकडे वळते. सुपीक शेती वाचते, मग बिघडले कोठे? प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी आधी सडा समजून घेऊ.

सडा जांभ्या दगडाचा असतो. उष्ण हवा आणि भरपूर पाऊस यांमुळे मूळ खडकातील सिलिका हळूहळू विरघळून जाते. लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरतात. ॲल्युमिनियम पुरेसे असेल, तर तोच दगड बॉक्साइट म्हणून खणला जातो. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यातून झिरपते, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडते आणि उतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. म्हणजे वरचा कातळ आणि खालच्या वाडीचे पाणी यांचे नाते असते.

जून उजाडला की सड्याचे रूप पालटते. खळग्यांत पाणी साचते आणि बोटभर मातीत गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू फुलू लागतात. या मातीत नायट्रोजन फार कमी असतो. ही उणीव दवबिंदू चिकट केसांवर कीटक पकडून भरून काढतो, तर सीतेची आसवे बारीक पिशव्यांत सूक्ष्म जलचर पकडून. ऑक्टोबर सरता सरता बहुतेक वनस्पती बी टाकून दिसेनाशा होतात.

आता एक विसंगती पाहा. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१५ मध्ये खाणींच्या परिणाम-अभ्यासासाठी प्रमाणित कार्यकक्षा प्रसिद्ध केली. तीत पावसाळा वगळून एका ऋतूची पायाभूत माहिती मागितली आहे. हवेपुरते हे योग्यच आहे. पावसाने धूळ खाली बसते व प्रदूषण कमी भासते. पण हाच नियम वनस्पती व प्राणी यांनाही लागू केला आहे. ज्या सड्याचे जीवन पावसाळ्यातच फुलते, त्याची पाहणी उन्हाळ्यात केली तर अहवालात 'विशेष काही आढळले नाही' असे प्रामाणिकपणे लिहिता येईल!

याचा अर्थ चिरेखाणी किंवा बागा नकोतच, असा नाही. कोकणातली घरे चिऱ्यांनीच उभी राहिली आणि हापूसने अनेक कुटुंबांना आधार दिला. मात्र कोठे खणावे आणि कोठे नाही, हे ठरवण्यापूर्वी वर्षभराची नोंद हवी. पाणी साचणारे खळगे आणि झऱ्यांना पाणी पुरवणारा भाग राखून उरलेल्या जागेचा विचार करता येतो. एकदा फोडलेला कातळ पुन्हा घडवता येत नाही.

ही नोंद शाळेलाही करता येईल. सड्यावर एक मीटर लांबी-रुंदीचा चौकोन आखा आणि जून ते ऑक्टोबर दर पंधरवड्याला त्यातील वनस्पतींचे प्रकार मोजा. गावातल्या झऱ्याखाली बादली धरा आणि ती भरण्यास किती सेकंद लागतात ते वर्षभर टिपा. गावाच्या जमिनीबद्दल ग्रामसभेत चर्चा होईल, तेव्हा ही वही उपयोगी पडेल.