बियाणे उगवले नाही तर : ग्राहक आयोगापुढील तक्रारीची तयारी

सोयाबीनची पेरणी होऊन आठ-दहा दिवस झाले तरी ओळी रिकाम्या दिसतात. आता मोडून दुबार पेरणी करावी, तर पुरावा जातो आणि पुराव्यासाठी थांबावे, तर हंगाम जातो. तपासणी समितीबरोबर शेतावर जाताना हा पेच आम्ही अनेकदा पाहिला आहे. एका शेतकरी बंधूंनी आम्ही पोहोचण्याच्या आदल्या दिवशीच पूर्ण शेतात कुळव फिरवला होता. बियाण्याबद्दल त्यांची तक्रार खरी असावी असे आमचे मत होते, पण लिहायला शेतात काहीच उरले नव्हते.

म्हणून उगवण कमी दिसताच पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी. तालुका तक्रार निवारण समिती पाहणी करून पंचनामा करते. समितीत कृषी विद्यापीठाचा प्रतिनिधीही असतो. पाहणीच्या वेळी विक्रेता व कंपनीचा प्रतिनिधी यांना हजर राहण्याची सूचना गेली आहे ना, हे विचारून घ्यावे. नाही तर पुढे 'आमच्या माघारी अहवाल केला' अशी हरकत येते. दुबार पेरणी लांबवता येत नसेल, तर शेताचा एक सलग पट्टा तरी न मोडता राखावा.

पंचनाम्यात काय लिहिले जाते, यावर तक्रारीचे बळ अवलंबून असते. नुसते 'उगवण कमी आहे' हे वाक्य फार थिटे पडते. कंपनीचे उत्तर ठरलेले असते : ओल कमी होती, बी खोल पडले, वरची माती घट्ट झाली. म्हणून पेरणीची तारीख, त्याआधीचा पाऊस, पेरणीची खोली (सोयाबीनसाठी ३ ते ४ सें.मी.) आणि बीजप्रक्रिया यांची नोंद करून घ्यावी. ४५ × ५ सें.मी. अंतरावर एक मीटर ओळीत सुमारे २० रोपे अपेक्षित असतात. पाच-सहा ठिकाणी मोजून आकडे लिहावेत. त्याच दिवशी, त्याच जमिनीत पेरलेल्या दुसऱ्या लॉटची उगवण चांगली असेल, तर ती अवश्य नोंदवावी. आमच्या मते याहून बोलका पुरावा नाही.

पिशवी नेहमी खालच्या बाजूने फोडावी म्हणजे टॅग व शिलाई शाबूत राहते. पक्क्या पावतीवर वाण व लॉट क्रमांक असावा आणि तो टॅगशी जुळावा. प्रमाणित सोयाबीनची किमान उगवण ७० टक्के ठरलेली आहे. मूठभर बी पिशवीत राखून ठेवणे चांगले, परंतु ते नाही म्हणून खचू नये. राष्ट्रीय बीज निगमाच्या २०१२ मधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्याला ग्राहक मानले. बियाणे कायदा, १९६६ असला तरी ग्राहक मंचाकडे जाता येते, असे सांगितले. शेतकरी विकत घेतलेले सर्व बी पेरून टाकतो, नमुना राखत नाही, हेही न्यायालयाने लक्षात घेतले.

आता तक्रार. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे ती दाखल करता येते, कंपनी परजिल्ह्यातली असली तरी. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. शुल्क बियाण्यासाठी मोजलेल्या किमतीवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नव्हे आणि पाच लाखांपर्यंत ते लागत नाही. वकील सक्तीचा नाही. विक्रेता व उत्पादक कंपनी या दोघांनाही विरुद्ध पक्ष करावे. आधी दोघांना पोस्टाने नोटीस पाठवून पोच जपावी.

अर्जात हकीकत तारीखवार, साध्या शब्दांत लिहावी. सोबत प्रतिज्ञापत्र, पावती, टॅग, पंचनामा, फोटो, सातबारा व पीकपेरा जोडावा. भरपाईचा आकडा फुगवू नये. बियाणे, खत, मशागत यांचा खर्च पावत्यांसह आणि बुडालेले उत्पन्न शेजारच्या शेताचा उतारा व बाजार समितीचा त्या काळातील दर धरून मांडावे. या उत्पन्नातून वाचलेला काढणी-मळणीचा खर्च व दुबार पिकाचे उत्पन्न आपणहून वजा दाखवावे.

विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस व फार तर आणखी १५ दिवस मिळतात. निकाल तीन महिन्यांत, प्रयोगशाळा तपासणी लागल्यास पाच महिन्यांत व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त काळ लागतो, तेव्हा मूळ टॅग व पावती घरी सुरक्षित ठेवून प्रथम छायाप्रतीच जोडाव्यात. निकाल विरुद्ध गेल्यास ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते.